तोंडातला चट्टा किंवा न भरणारा व्रण घरी कसा तपासावा

घरात कुणी तंबाखू, मशेरी, गुटखा किंवा नुसती सुपारी खात असेल, तर महिन्यातून एकदा त्या माणसाचं तोंड नीट बघा. सवय सुटून वर्षं झाली असली तरी बघा. याला यंत्र लागत नाही. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी लोकांची तोंडं नुसत्या डोळ्यांनी तपासली. २००५ साली त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा तंबाखू वा दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेले दिसले.

कवळी असेल तर काढून ठेवा, चूळ भरायला लावा, मोबाइलचा टॉर्च लावा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. स्वतःची तीन बोटं जात नसतील आणि तिखट जेवण झोंबत असेल, तर सुपारीमुळे गालाचं अस्तर आखडत चाललं असण्याची शक्यता मोठी. थेट दंतवैद्याकडे न्या. तोंड उघडायचे व्यायाम नंतर.

ओठ उलटे करून आतून बघा. गाल बाहेर ओढून बघा, विशेषतः तंबाखूचा बार धरायची जागा. हिरड्या आणि टाळू बघा. वरच्या दाढेसमोर गालावर दिसणारा बारीक उंचवटा लाळेच्या नळीचं तोंड असतो, तो दोन्हीकडे असतो.

आता जीभ. सगळ्यात कठीण टप्पा हाच, शिकताना मलाही हा सगळ्यात उशिरा जमला. “जीभ बाहेर काढा, आऽ करा” एवढ्यावर तपासणी संपवणारा सल्ला मला अजिबात मान्य नाही. तशाने जिभेचा वरचा भाग दिसतो आणि तिथे कॅन्सर क्वचितच होतो. तो होतो कडेला, मागच्या दाढांजवळ आणि जिभेखालच्या मऊ भागात, म्हणजे नेमका जिथे उजेड पोचत नाही.

कोरडं गॉज किंवा धुतलेला सुती रुमाल घ्या. जिभेचं टोक त्यात पकडा, बोटांनी नुसतं धरलं तर ते निसटतं. डावी कड बघायची असेल तर जीभ पुढे ओढून उजवीकडे वळवा आणि चमच्याच्या दांड्याने डावा गाल बाजूला करा. उलटी येईलसं वाटलं तर नाकाने श्वास घ्यायला सांगा, पण टप्पा सोडू नका. अगदी मागे कडेवर लालसर उभ्या घड्या दिसतील. त्या बघून लोक घाबरतात. दुसरी कड बघा, तिथेही तशाच घड्या असतील तर ती जिभेची मूळ ठेवण आहे. एकाच बाजूला वेगळं काही दिसलं, तर तिथे थांबून नीट बघायचं.

मग बोट लावा. हात धुवून किंवा हातमोजा घालून ती जागा दोन बोटांत हलकेच दाबा. जिभेखाली एक बोट आत आणि दुसऱ्या हाताची बोटं हनुवटीखाली, अशी मधली जागा चाचपा. साधा छाला दुखतो पण बुडाला मऊ लागतो. कडा उचललेली, बूड टणक आणि दुखणं जवळजवळ नाही, असा व्रण मला सर्वांत जास्त काळजीचा वाटतो. “दुखत नाही ना, मग काही नाही” हे वाक्य घराघरांत ऐकू येतं, आणि ते साफ चुकीचं आहे. सुरुवातीचा कॅन्सर बहुधा दुखतच नाही.

पांढरा चट्टा गॉजने हलकेच पुसून बघा. पुसला गेला तर बुरशी असू शकते, मधुमेहात किंवा दम्याचा पंप घेणाऱ्यांत ती होते. पुसला गेला नाही तर खरवडू नका, दाखवा. मखमली लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा, त्यासाठी थांबूच नका.

साध्या दिसणाऱ्या व्रणासाठी दोन आठवडे थांबा, तेवढ्यात भरला नाही तर दाखवा. दिसला त्या दिवशी कालनिर्णयवर तारखेभोवती गोल करा आणि फोटो काढा. टोकदार दाढ घासत असेल तर ती लगेच गुळगुळीत करून घ्या आणि तिथून दोन आठवडे मोजा. त्यापुढे व्रण राहिला तर दाढेला दोष देत बसू नका. “उष्णता आहे, बी कॉम्प्लेक्स घ्या” यात लोकांचे महिनेच्या महिने जातात. जांभळं औषध तर लावूच नका, त्या रंगाखाली लाल-पांढरं काहीच ओळखू येत नाही.

शेवटी मान. कानामागून जबड्याखाली आणि तिथून गळ्यापर्यंत चाचपा. मऊ, दुखरी, हलणारी गाठ बहुधा जंतुसंसर्गाची. कडक, न दुखणारी, वाढणारी गाठ, तीन आठवड्यांवर बसलेला आवाज किंवा एकाच कानात टिकून राहिलेली कळ, यांपैकी काहीही असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ.

व्रणाला नाव घरी द्यायचं नाही. ते तुकडा तपासूनच कळतं. जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा काढतात, तो सहसा व्रणाच्या कडेचा, कारण मधला भाग मेलेला असतो. “सुई लागली की कॅन्सर पसरतो” म्हणून तपासणी टाळणारे अजूनही भेटतात. कॅन्सर तुकडा काढल्याने पसरत नाही, वाट बघण्यात वाढतो. आणि रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही असं आलं, पण व्रण तसाच आहे, तर पुन्हा जा. पहिला तुकडा चुकीच्या जागेचा असू शकतो. जुना रिपोर्ट आणि स्लाइड, म्हणजे तुकडा तपासलेली काचपट्टी, बरोबर न्या आणि दुसरा तुकडा घ्यायला स्पष्ट सांगा.