कादंबरीतून रंगमंचावर आलेल्या बालसंगीतनाटकाचे परीक्षण कसे लिहावे

ठाण्यात गडकरी रंगायतन आणि काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, खाडीपलीकडे वाशीला विष्णुदास भावे. सुट्ट्यांत बालनाट्ये लागतात, प्रयोग भरतात, पण त्यांच्यावर लिहिले जाते ते बहुधा ‘बच्चेकंपनीने धमाल केली’ एवढेच. मुलांसाठी केलेल्या कामालाही मोठ्यांच्या नाटकाइतकेच कसून परीक्षण मिळायला हवे. नाटक कादंबरीवरून बेतलेले आणि त्यात गाणी असलेले असेल, तर तपासायच्या गोष्टी वाढतात.

आधी कादंबरी वाचा, चित्रपट पाहून भागवू नका. वाचताना दहाएक प्रसंग एका कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे लिहा: हे आपल्याला कोण सांगते? पात्र स्वतः बोलते की लेखक? बालकादंबरीची निम्मी गंमत लेखकाच्या सांगण्यात असते आणि रंगमंचावर लेखक नसतो. त्याचे काम कोणाकडे गेले, हाच परीक्षणाचा मुख्य प्रश्न.

अभ्यासासाठी ‘मटिल्डा’ घ्या. ब्रिटिश लेखक रोआल्ड डाल यांची कादंबरी 1988 ची, मटिल्डा ही तिची लहानगी नायिका. रॉयल शेक्सपिअर कंपनी या नाट्यसंस्थेने तिचे संगीतनाटक 2010 मध्ये इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्डला आणले. संहिता डेनिस केली यांची, गीत-संगीत टिम मिंचिन यांचे. कादंबरीत नसलेली एक गोष्ट केलींनी घातली: मटिल्डा ग्रंथालयातल्या बाईंना एका कसरतपटूची कथा हप्त्याहप्त्याने सांगते. म्हणजे सांगण्याचे काम लेखकाकडून थेट मुलीकडे आले. असा बदल दिसला की ‘मूळ कथेत हे नाही’ म्हणून गुण कापू नका. त्या बदलाने काय साधले ते लिहा, आणि काय गमावले तेही.

प्रयोगाला तिसऱ्या घंटेच्या बरेच आधी पोहोचा. खिशात मावणारी वही आणि पेन्सिल घ्या. मोबाईलचा उजेड मागच्यांना त्रास देतो. अंधारात एका पानावर एकच नोंद करा, नाहीतर ओळींवर ओळी चढतात आणि घरी काहीच वाचता येत नाही. प्रत्येक गाण्यासाठी तीनच गोष्टी टिपा: गाणे सुरू होताना पात्राला काय हवे होते, संपताना काय बदलले, आणि कानावर आलेल्या दोन ओळी जशाच्या तशा.

दोन ओळी उतरवता आल्या नाहीत, तर तीच बातमी आहे. बालसंगीतनाटकात सगळ्यात जास्त घात इथे होतो. पाच-सहा मुले एकत्र, उंच पट्टीत आणि नाचत गातात तेव्हा शब्दांची टोके गिळली जातात. नेमके कारण शोधा. ध्वनिमुद्रित साथीचा ट्रॅक आवाजाच्या वर चढलाय का? लय नाचासाठी वाढवलीय का? टोपी किंवा केसांचा टोप माईकला घासून खरखर येतेय का? दोन मुले अगदी जवळ आल्यावर आवाज पोकळ होत असेल, तर एकाचा आवाज दोन्ही माईक उचलत असतात. मध्यंतरानंतर मागे जागा रिकामी असेल तर तिथे बसून पाहा. बाल्कनीखाली शब्द आणखी दबतात. असे केल्यावरच ‘गीते अस्पष्ट’ हा शेरा गीतकाराच्या माथी मारायचा की ध्वनियोजनेच्या, हे कळते. ‘मटिल्डा’ला लंडनमध्ये 2012 चे सात ऑलिव्हिए (तिथल्या रंगभूमीचे मानाचे) पुरस्कार मिळाले, त्यात ध्वनियोजनेचाही होता. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या काही परीक्षणांत मात्र मुलांचे शब्द समजत नाहीत अशी तक्रार आली. म्हणून कोणत्या नाट्यगृहातला, कोणत्या तारखेचा प्रयोग पाहिला हे परीक्षणात लिहायलाच हवे.

मुख्य भूमिकेत मुले आलटून-पालटून उभी राहतात, तेव्हा त्या दिवशी कोण होते ते बुकिंगच्या खिडकीवर किंवा व्यवस्थापकांकडे विचारा. (लंडनला चार मटिल्डांना मिळून अभिनेत्रीचा ऑलिव्हिए दिला गेला.) मुलाचे काम कच्चे वाटले तर नाव घेऊन टोचू नका. दहा वर्षांच्या कलाकाराला अवघड हालचाल आणि अवघड ओळ एकाच वेळी कोणी दिली, ते विचारा. तो निर्णय दिग्दर्शकाचा असतो.

प्रेक्षकांतल्या मुलांकडेही लक्ष ठेवा, पण हशा मोजू नका. चुळबुळ कुठे सुरू झाली, ‘आता काय होणार’ असे आईला कुठे विचारले गेले, त्या जागा टिपा. चुळबुळ बहुधा मोठ्या माणसांच्या संथ गाण्यात होते.

लिहायला त्याच रात्री बसा. सहाशे शब्दांच्या परीक्षणात कथानकाला शंभराहून जास्त देऊ नका. अर्धे परीक्षण गोष्ट सांगण्यात गेले की निवाड्याला जागाच उरत नाही. शेवटचे वळण उघड करू नका. कादंबरीशी तुलना दोन-तीन ठिकाणीच, पण नेमकी करा. विशेषण लिहिले की त्यामागे दिसलेली गोष्ट ठेवा. ‘शाळेचे गाणे कल्पक आहे’ यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘मटिल्डा’बद्दल असे लिहा: ‘शाळेच्या गाण्यात इंग्रजी मुळाक्षरे क्रमाने ओळींत लपवली आहेत, आणि त्याच क्रमाने अक्षरांचे ठोकळे फाटकात बसत जातात. त्यांवर पाय देत मोठी मुले वर चढतात. नवी मुले खाली भेदरून उभी. शाळेची दहशत संवादाशिवाय कळते.’ गीत, नेपथ्य आणि हालचाल एकाच वाक्यात आली तर उत्तमच, कारण रंगमंचावरही ती वेगळी नसतात.

इतरांची परीक्षणे स्वतःचा मसुदा झाल्यावरच वाचा. मत जुळले नाही तर बदलू नका. त्यांनी कोणता प्रयोग पाहिला ते बघा. शुभारंभाच्या प्रयोगातले सैल दुवे पुढच्या काही प्रयोगांत घट्ट होतात, तेव्हा शुभारंभावर लिहिताना तसा उल्लेख करा. पाठवण्याआधी गीतकार, संगीतकार, नेपथ्य, प्रकाश, नृत्य आणि रंगावृत्ती (कादंबरीवरून रंगमंचासाठी केलेली संहिता) यांची नावे जाहिरातीशी ताडून पाहा. रंगावृत्तीकाराचे नाव सर्वांत जास्त वेळा गळते, आणि या प्रकारच्या नाटकात पहिला हिशेब त्याच्याशीच असतो.