रेशमाचा धागा बोटांना अडकतोय?
मराठवाड्यात दिवाळी सरली की हवा कोरडी होते, बोटांची टोकं खरखरीत होतात आणि भरतकाम करताना रेशमाचे तंतू त्यात अडकून विस्कटतात. चमचाभर साखरेत थोडं करडईचं तेल घालून बोटं हलकेच चोळा, कोमट पाण्याने धुवा, पुसा. नखाजवळची सालपटं ओढू नका, छोट्या कात्रीने कापा. व्हॅसलिन रात्रीच लावा, वर जुने सुती मोजे चढवा (दिसतं विचित्र, पण गुण येतो). दिवसा तेलकट हात कापडाला लागले तर डाग पडलाच म्हणून समजा, आणि रेशमावरचा तो डाग काढणं महाकठीण. गोधडीचे टाके घालताना भेगाळलेल्या बोटावर अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी) हवंच.