आयआयएमच्या मुलाखतीची तयारी: प्रश्न तुमच्याच अर्जात आहेत

कॅटचा, म्हणजे आयआयएम या व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की मुलं इंटरनेटवरून शंभरेक प्रश्नांच्या याद्या उतरवून घेतात, आणि प्रत्यक्षात अडकतात ती स्वतःच अर्जात लिहिलेल्या एखाद्या शब्दावर.

म्हणून हे करून बघा:

1. भरलेल्या अर्जाची प्रिंट काढा. प्रत्येक नावाला पेन्सिलने गोल करा: गाव, कॉलेज, विषय, कंपनी, छंद.

2. प्रत्येक गोलापुढे ‘काय’, ‘का’ आणि ‘किती’ असे तीन प्रश्न लिहा. गाव सोलापूर असेल तर: 1930 चा मार्शल लॉ काय होता? सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन का मिळालं? शहरात यंत्रमाग किती? मेकॅनिकलवाल्यांनी फोर-स्ट्रोक इंजिनाची आकृती कोऱ्या कागदावर न बघता काढता येते का ते तपासावं. पदवीचे दोन विषय तरी पक्के हवेतच; नोकरी करणारे नेमकं हेच विसरून बसलेले असतात.

3. उत्तरं मोठ्याने, मोबाईलवर रेकॉर्ड करत द्या. एका मिनिटाच्या आत. मग ऐका. ‘म्हणजे’, ‘बेसिकली’ किती वेळा येतं ते लगेच कळतं. घरी मराठीत सुचलेला मुद्दा इंग्रजीत कुठे अडखळतो, तेही इथेच सापडतं, आणि माझ्या मते हाच या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा.

जपायचं एवढंच: उत्तर शब्दशः पाठ करू नका, मुद्दे तेवढे लक्षात ठेवा. अर्जात ‘वाचन’ लिहिलंय आणि हल्ली काहीच वाचलं नसेल, तर आजच एक पुस्तक हातात घ्या.