ट्रेलर विकत घ्यायचा? आधी दिवस मोजा

गाडी मी चालवत नाही. घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, दादा चालवतो, हिशेबाची वही मी लिहिते. त्यामुळे स्वतःचा ट्रेलर घ्यावा का, या प्रश्नाची आमच्या घरात दोन उत्तरं असतात. दादाच्या डोळ्यांसमोर लो-बेड, म्हणजे अवजड यंत्रं नेणारा जमिनीलगतचा ट्रेलर असतो, माझ्या डोळ्यांसमोर हप्ता. वर्षभर वाद घालून आम्ही जसे निर्णयाला आलो, तसं सांगते.

घाई नसेल तर एक पूर्ण वर्ष ट्रेलर भाड्यानेच आणा आणि नोंद ठेवा. फेऱ्या मोजू नका, दिवस मोजा. कागदावर फेरी एकच दिसते, पण परमिट अडकलं म्हणून दोन दिवस जातात, उतरवायला क्रेन आली नाही म्हणून तिसरा. भाडं त्या दिवसांचंही चढतं. प्रत्येक कामासमोर मी मालाचं वजन, लांबी, रुंदी, उंची लिहायची. कुठला ट्रेलर लागला, किती दिवस अडकला, परत रिकामा आला का, हेही. शेवटचा रकाना होता ‘ट्रेलर मिळाला नाही म्हणून सोडलेलं काम’. दादाला तो रकाना फार आवडायचा, म्हणून तो मी स्वतः भरायची.

मग खर्चाची बेरीज. हप्त्यातलं व्याज, विमा, टायर, ब्रेक, वार्षिक तपासणी, उभा करायची जागा आणि दरवर्षी घसरणारी किंमत. जागा लोक विसरतात. ट्रेलर घडी घालून ठेवता येत नाही. आलेल्या बेरजेला एका दिवसाच्या भाड्याने भागा. जो आकडा येईल, तेवढे दिवस ट्रेलर वर्षातून कामावर हवा. आमचा लो-बेडचा आकडा १३२ आला. वहीत दिवस होते ८४. दादा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

पण खरी गोष्ट वहीत आणखी आत होती. मी ते ८४ दिवस मालाच्या उंचीप्रमाणे वेगळे केले. साध्या, सपाट फ्लॅटबेडचा पाटा, म्हणजे माल ठेवायचा भाग, जमिनीपासून सुमारे दीड मीटर असतो, स्टेप-डेकचा (पुढे उंच, मागे खाली अशा दोन पातळ्यांचा) खालचा पाटा मीटरभर, लो-बेडचा अर्ध्या मीटरच्या आसपास. उंचीची मर्यादा बऱ्याच ठिकाणी ४ मीटरच्या जवळपास असते. ३.२ मीटर उंच पोकलेन फ्लॅटबेडवर ४.७ होतो, स्टेप-डेकवर ४.२, लो-बेडवर ३.७. म्हणजे त्याला लो-बेडच हवा. आमच्या ८४ पैकी ६१ दिवस मात्र माल २.८ मीटरपेक्षा बुटका होता आणि वजनही स्टेप-डेकला झेपणारं. लो-बेड आणला होता, कारण त्या दिवशी तोच मोकळा होता. तसल्याच सोडलेल्या कामांचे ३० दिवस निघाले. ते मी निम्मेच धरले, काही कामं तशीही फिसकटली असती. झाले ७६. स्टेप-डेकला लागणारे दिवस होते ७०.

म्हणून ‘ट्रेलर घ्यावा का’ असा प्रश्न विचारू नका. ‘हा ट्रेलर’ घ्यावा का, असं विचारा, आणि प्रत्येक जातीचा हिशेब वेगळा मांडा. वर्षातून चारदा येणाऱ्या राक्षसी यंत्रासाठी घेतलेला ट्रेलर बाकीचे दिवस स्वतःचंच वजन ओढत फिरतो. एकूण वजनाची मर्यादा ठरलेली असते, त्यामुळे ट्रेलर जितके टन जड, तितके टन माल कमी.

विक्रेता टनांचा एक मोठा आकडा सांगेल. तो पाट्याच्या किती लांबीवर, हे विचारा. अख्ख्या पाट्यावर पसरलेले ४० टन वेगळे आणि तीन मीटरवर बसलेला ४० टनांचा ट्रान्सफॉर्मर वेगळा. त्याने पाटा वाकू शकतो. थोड्या लांबीवरची क्षमता लेखी मागा. ती सांगता येत नसेल तर मी तरी पुढे बोलणार नाही.

आता घोड्याशी जुळणी. दादाने एक जुना लो-बेड हेरला होता. बयाणा द्यायच्या आदल्या दिवशी मी किंगपिनचं, म्हणजे ट्रेलरखालच्या जोडणीच्या खुंटीचं माप विचारलं, तर साडेतीन इंची. आमचं फिफ्थ व्हील, म्हणजे घोड्यावरची ती खुंटी पकडणारी तबकडी, दोन इंची पिनचं. जोडलाच नसता! पिनबरोबर फिफ्थ व्हीलची उंची, त्यावर पडणारं वजन आणि वळताना मानेचा (ट्रेलरचा घोड्यावर टेकणारा पुढचा उंच भाग) कोपरा घोड्याच्या मागच्या भागाला घासतो का, हेही मापा. सुटी होणारी मान हायड्रॉलिक असेल तर घोड्यावर पंप लागतो किंवा ट्रेलरवर वेगळं इंजिन. मान सुटली की यंत्र पुढून सरळ चढतं. पक्की असेल तर मागून, रॅम्पवरून.

जुना घेताना ताज्या रंगाला भुलू नका. टॉर्च घेऊन खाली शिरा आणि मान जिथे मुख्य बीमला मिळते तिथलं वेल्डिंग बघा. रंगातून गंजाची बारीक रेघ उतरली असेल तर आत तडा असण्याचा संशय धरा. टायरवर चार अंक असतात: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं. लो-बेडला बऱ्याचदा लहान टायर असतात. तेवढ्याच अंतरात ते जास्त फिरतात आणि लवकर तापतात, म्हणून त्यांच्या खर्चात हात आखडू नका. शेवटी रिकामा ट्रेलर सरळ रस्त्यावर ओढायला लावा आणि मागून बघा. खेकड्यासारखा तिरका चालत असेल तर एक्सल बहुधा जागेवर नाहीत.

आम्ही स्टेप-डेक घेतला. लो-बेड अजून भाड्यानेच आणतो, आणि तो रकाना मी अजून भरते. दादा रात्री मला पाच एक्सलच्या ट्रेलरचे फोटो पाठवतो. मी उत्तरात फक्त ‘किंगपिन?’ असं लिहिते.