पश्चिम किनाऱ्याचा ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातला नकाशा कसा वाचावा?

मुंबई, सुरत, गोवा दाखवणारा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला नकाशा समोर आला की नजर आधी आपलं गाव शोधते. ते साहजिक आहे. पण असा नकाशा पुरावा म्हणून वापरायचा असेल, तर तो कोणी, कशासाठी आणि केव्हाच्या माहितीवर काढला, हे आधी ठरवावं लागतं. मूळ प्रत नसेल तरी अडत नाही. डेव्हिड रम्सी संग्रह आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘गॅलिका’ या दोन ठिकाणी मोठ्या आकारातल्या प्रती फुकट पाहता येतात.

पायरी १ : प्रत तपासा. भिंगाखाली रंगाचे बारीक, ओळीने मांडलेले ठिपके दिसले तर ती आधुनिक छपाई समजा. ताम्रपटावरून, म्हणजे नकाशा कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून, छापलेल्या नकाशाच्या कडेला पत्र्याची दाबखूण असते. मात्र समास कापलेला असेल तर ती गेलेली असू शकते. कागद उलटून पाहा. तांब्यापासून केलेल्या हिरव्या रंगाच्या मागे कागद बरेचदा तपकिरी पडलेला असतो.

पायरी २ : रेखांश कुठून मोजलेत ते बघा. ग्रीनिच सगळ्यांनी मानायचं हे १८८४ मध्ये ठरलं. त्याआधी फ्रेंच नकाशे पॅरिसपासून किंवा कॅनरी बेटांतल्या फेरोपासून मोजत. मुंबई ग्रीनिचपासून सुमारे ७३ अंशांवर आहे. पॅरिसपासून मोजली तर साधारण साडेसत्तर, फेरोपासून साडेनव्वद. हा फरक लक्षात घेतला नाही, तर नकाशा बरोबर असूनही चुकीचा वाटतो.

पायरी ३ : साल ठरवा. छापलेल्या सालावर विसंबू नका. ताम्रपट महाग असे, म्हणून तोच पत्रा वर्षानुवर्षं वापरत आणि वरचं साल तेवढं बदलत. नकाशावरची सर्वांत अलीकडची गोष्ट शोधा. तो छापा त्याआधीचा असू शकत नाही. एखादी गोष्ट दाखवलेली नाही, एवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये, कारण जुन्या नकाशावरून उतरवून घेणं सर्रास चाले.

किनाऱ्यावर अशा खुणा भरपूर आहेत. बाणकोटला ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ म्हटलं असेल तर नकाशा १७५६ नंतरचा. मालवणजवळ ‘फोर्ट ऑगस्टस’ हे सिंधुदुर्गाचं नाव दिसलं तर १७६५ नंतरचा. (‘घेरिया’ म्हणजे विजयदुर्ग, ‘बसैं’ किंवा ‘बासेन’ म्हणजे वसई, हे जवळ लिहून ठेवा.) मुंबईच्या उत्तरेची साष्टी इंग्रजी रंगात असेल तर १७७४ च्या अखेरीनंतरचा. साष्टी इंग्रजांची पण वसई मराठ्यांची, अशी विभागणी १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर कायम झाली. गोव्यातली साष्टी वेगळी, तिची गल्लत होऊ देऊ नका. गोवा फक्त तिसवाडी, बारदेश आणि साष्टीपुरता आहे की पेडणे, सत्तरी, काणकोणही त्यात आलेत, तेही पाहा. हा विस्तार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. साताऱ्याचं वेगळं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं. भोर घाटातून रेल्वे दिसली तर १८६३ च्या मागे जाता येत नाही. निदान ती रेघ तरी नंतर भरलेली आहे.

पायरी ४ : रंगावर प्रश्न विचारा. माझ्या मते खरं वाचन इथे सुरू होतं. १७५९ नंतरची सुरत घ्या. किल्ला इंग्रजांच्या ताब्यात, तोही मुघल बादशहाच्या नावाने, शहरात नवाब, आणि चौथाईत (महसुलाच्या चौथ्या हिश्शात) पेशवे व गायकवाड दोघांचा वाटा. १८०० मध्ये कंपनीने कारभार पूर्णपणे हाती घेईपर्यंत हा गुंता चालला. नकाशावर मात्र सुरतेला एकच रंग मिळतो. तो कोणी निवडला, हे पाहिलं की नकाशाची बाजू कळते. म्हणून हद्दीच्या रेघेशेजारी तह, सनदा, महसुलाची कागदपत्रं ठेवूनच वाचा. महसूल वाटून खाणाऱ्या सत्तांना एक रेघ पुरत नाही, आणि त्यात आपल्याकडच्या कागदांचं म्हणणं हरवू देऊ नये.

पायरी ५ : व्यापाराच्या वाटा काढा. समुद्रातले आकडे म्हणजे पाण्याची खोली, इंग्रजी नकाशात बहुधा वावांत. एक वाव सहा फुटांचा. जिथे आकडे दाट, तिथे जहाजांची ये-जा आणि मोजणी जास्त. बंदरापासून मागे जमिनीवर या आणि सह्याद्रीतले घाट शोधा. भोर घाटातला गाडीरस्ता १८३० चा. तोवर तिथून माल मुख्यतः बैलांच्या पाठीवर चढे. बंदर, घाट आणि घाटमाथ्यावरची पेठ एका रेषेत जोडली, की नकाशात न काढलेली वाटही सापडते.

पायरी ६ : मूळ प्रत जपा. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी नको, ऊनही नको. आम्लरहित कागदात सपाट ठेवा. नकाशा परदेशी न्यायचा असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे.