पावसातली शेळी: कोरड्या हवेतले जलरंग

पावसातल्या प्राण्याचे गमतीदार चित्र काढायचे असेल, तर शेळी निवडावी, कारण चार थेंब पडले तरी आडोशाला पळणाऱ्या या प्राण्याच्या चेहऱ्यावर रुसवा आयता असतो. आपल्या भागातली काळीभोर, लांब कानांची उस्मानाबादी शेळी, डोक्यावर धनगरासारखी घोंगडीची खोळ आणि मागे सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाचा काठ एवढे साहित्य पुरते. खोळ ही एकच गोष्ट अद्भुत ठेवावी. शेळीला छत्री, चष्मा आणि गमबूटही दिले, तर गंमत विरते.

खरी अडचण हवेची आहे. ओल्या कागदावर ओला रंग सोडून ढग पसरवण्याची रीत दमट हवेत सोपी जाते, परंतु सोलापुरात पाऊस नसलेल्या दिवसांत कागद इतका झपाट्याने वाळतो, की ढगाची कड मऊ होण्याआधीच तिची कडक रेघ बनते. त्यासाठी दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा सुती कागद दोन्ही बाजूंनी भिजवावा आणि प्लॅस्टिकच्या पाटावर ओला करून पिळलेला टॉवेल पसरून त्यावर ठेवावा. टॉवेलची आपल्या गावात वाण नाही. पंखा मात्र बंद करावा, मग घाम आला तरी चालेल.

पाऊस रंगवायचा नसतो, राखायचा असतो. कागद भिजवण्यापूर्वीच पांढऱ्या मेणबत्तीच्या टोकाने मोजक्या तिरक्या रेघा ओढाव्यात. मेणावर रंग धरत नसल्याने त्या शेवटपर्यंत पांढऱ्या राहतात, पण मेण पुसता येत नाही, म्हणून शेळीच्या डोळ्यांवरून रेघ नेऊ नये. साऱ्या रेघांचा कल एकाच दिशेने असावा आणि खोळीचे टोकही त्याच दिशेला उडावे.

आकाशाला अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळून झालेला करडा रंग द्यावा. हेच मिश्रण कमी पाण्यात दाट केले, की शेळीचा काळा रंग तयार होतो. ट्यूबमधला तयार काळा रंग चित्राला निर्जीव करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. शेळी मात्र कागद पूर्ण वाळल्यावरच रंगवावी, पाठीवर ओलाव्याची चकाकी म्हणून कागदाची एक पांढरी पट्टी मोकळी सोडावी आणि शेवटी, खुरांखालचा रंग ओला असतानाच, स्वच्छ ओलसर ब्रशने तो खाली ओढून डबक्यातले प्रतिबिंब काढावे.