कानबाईच्या जागरणाचं रेकॉर्डिंग करायचंय? आधी केबल बघा भो

माईक भारीतला घेतात आणि केबल दुकानातली सगळ्यात स्वस्त, हे आपल्या जळगाव-धुळ्याकडे कायमचंच आहे. मीही तेच केलं होतं. श्रावणात कानबाईच्या (आपल्या खानदेशातली देवी) जागरणाला गेलो, बायका एकापाठी एक अहिराणी गाणी म्हणताय, ढोलकी मस्त लागलेली, आणि माझ्या हेडफोनमध्ये सारखं घुंऽऽऽ. माईक बदलला, चॅनल बदललं, काहीच फरक नाही. मंडपवाला म्हणे, "व्हई जाई भाऊ." कसलं व्हई जाई! शेवटी दिसलं की केबल लाईटिंगच्या वायरीला चिकटून पार कोपऱ्यापर्यंत गेलीये, आणि तिच्या एका टोकाला एक्सएलआर (माईकचा गोल, तीन पिनांचा कनेक्टर) अन् दुसऱ्याला साधा मोनो जॅक, म्हणजे ती बॅलन्स्ड (एकच सिग्नल दोन तारांतून सुलटा-उलटा नेणारी) नव्हतीच.

तर माईकसाठी दोन्हीकडे तीन पिनी एक्सएलआर असलेलीच केबल घ्यायची. 1 नंबर पिनला शील्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण), 2 ला सुलटा सिग्नल, 3 ला तोच उलटा. मिक्सर या दोघांतला फरक घेतो आणि लाईटच्या लाईनचा 50 हर्ट्झचा हम (तेच घुंऽऽऽ) दोन्ही तारांत सारखाच शिरलेला असतो म्हणून तो आपोआप कटतो. कंडेन्सर माईकला लागणारे 48 व्होल्टही याच केबलमधून जातात.

कीबोर्ड, गिटारची मोनो जॅकवाली केबल मात्र पाच-सहा मीटरच्या वर नेऊ नका, मिक्सर लांब असेल तर वाद्याजवळच डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल बॅलन्स्ड करणारी डबी) ठेवा आणि तिथून पुढे एक्सएलआर. स्पीकरची वायर चुकूनही वाद्याला लावायची नाही, तिला शील्डच नसतं.

दुकानात सोनेरी पिन बघून भुलू नका, कनेक्टर मागून फिरवून उघडा (दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या). डाक (सोल्डरिंग) चकचकीत आहे का, आणि केबलला आतून पकडणारा क्लॅम्प आहे का ते बघा, कारण ओढाताणीत सगळ्यात आधी तिथंच तुटतं. न्यूट्रिक कंपनीचे कनेक्टर परवडत असतील तर बिनधास्त घ्या. शील्ड तांब्याच्या विणलेल्या जाळीचं हवं, नुसत्या फॉइलवालं फिक्स वायरिंगला ठीक, पण रोज गुंडाळायच्या केबलला ते लवकर फाटतं. मग मल्टिमीटर लावून केबल हलवत हलवत बीप तुटतो का ऐका.

मांडताना लाईटची वायर ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा, बाजूबाजूने नेऊ नका. कोपराला गुंडाळायची सवय सोडा, आतल्या तारांना पीळ बसतो. आणि जी केबल खरखरली तिला तिथल्या तिथे गाठ मारून ठेवा, नाहीतर ती परत त्याच बॅगेत जाते आणि पुढच्या कार्यक्रमाला अंधारात बरोबर तीच हाताला लागते.